काईझेन आलं, काउंटर राहिलं

चाकण एमआयडीसीतल्या कितीतरी कारखान्यांच्या भिंतींवर जपानी भाषा टांगलेली असते. सेइरी, सेइतोन, सेइसो, सेइकेत्सु, शित्सुके हा 'फाइव्ह एस'चा तक्ता. शेजारी काईझेनचा फळा, त्यावर 'आधी' आणि 'नंतर'चे फोटो. पोका-योके म्हणजे चूक होऊच नये अशी सोय. मुदा म्हणजे वाया जाणारं सगळं. गेम्बा म्हणजे प्रत्यक्ष काम चालतं ती जागा. लातूर, बीड, वाशीमकडून आयटीआय करून आलेला पोरगा पहिल्या पंधरा दिवसांत हे शब्द पाठ करतो, कारण ऑडिटच्या दिवशी कुणीही येऊन त्याला विचारू शकतं.

जपानकडून आपण एवढं सगळं उचललं. एक गोष्ट मात्र तिथेच राहिली. दहा स्टुलं आणि त्यांच्यासमोर एक लांब फळी. कामावरून सुटलेला माणूस तिथे एकटा येतो, पंधरा मिनिटांत गरम आणि पोटभर खातो आणि उठून जातो. त्याला रामेनचं काउंटर म्हणतात.

आता पुण्यातही ते आलंय, पण भलत्याच दारातून. लाकडी काउंटर, कागदी कंदील, सहाशे-आठशे रुपयांचा बाऊल, आणि अंड्याचा पिवळा बलक फुटतानाचं रील. खाणाऱ्यांवर माझा राग नाही. पदार्थ उत्तम आहे, पैसे तुमचे आहेत. मला भांडायचंय ते वेगळ्या गोष्टीवरून. हे काउंटर ज्या माणसासाठी जन्माला आलं, तो माणूस आज महाळुंगे, निघोजे, कुरुळी, खराबवाडीत भाड्याच्या खोलीत राहतो. रात्री शिफ्ट सुटल्यावर त्याला बसून जेवायला जागा नाही, कारण ती कुणी आखलीच नाही. आणि त्याच्यासारख्यांनी रस्त्याच्या कडेला जी स्वतः उभी केली, तिला आपण अतिक्रमण म्हणतो.

फळीच्या अलीकडे, फळीच्या पलीकडे

आधी रामेनच्या काउंटरची रचना नीट बघू, कारण त्यातला प्रत्येक भाग कामगाराच्या सोयीचा आहे.

दुकान आपल्याकडच्या वन आरकेच्या हॉलएवढं, कित्येकदा त्याहूनही लहान. आठ-दहा स्टुलं, सगळी एकाच बाजूला तोंड करून. पुष्कळ ठिकाणी दारातच कुपनाचं मशिन असतं. पैसे टाकायचे, बटण दाबायचं, चिठ्ठी घ्यायची. म्हणजे शेवटी बिलासाठी हात वर करून थांबणं नाही, टिपची भानगड नाही. स्वयंपाकी समोरच उभा. रस्सा सकाळपासून, काही ठिकाणी आदल्या रात्रीपासून शिजतोय, शेवया मिनिट-दोन मिनिटांत उकळून निघतात. बाऊल समोर येतो. भुरके मारून खाल्लं तरी कुणी बघत नाही, उलट तशीच पद्धत आहे. संपलं की उठायचं, मागचा माणूस बसतो.

यातली मोठी गोष्ट म्हणजे एकटं बसण्याची मुभा. चार खुर्च्यांच्या टेबलावर एकटा माणूस बसला की वेटर विचारतो, "अजून कोणी येणारे का?" काउंटरवर हा प्रश्नच येत नाही. तिथे सगळेच एकटे असतात. जुझो इतामी या दिग्दर्शकाचा १९८५ सालचा 'ताम्पोपो' हा रामेनवरचा प्रसिद्ध सिनेमा आहे. एका विधवा बाईचं रामेनचं दुकान सुधारायला जो मदत करतो, तो त्यातला नायक ट्रक ड्रायव्हर आहे. तळेगाव चौकात तासन्‌तास अडकलेल्या ट्रकच्या केबिनमधून बघितलं, तर नायकाचा हा धंदा मुद्दाम लक्षात राहतो.

रामेन म्हणजे जपान्यांचं चायनीज

रामेनला आज जे वलय आहे त्यामुळे एक साधी गोष्ट झाकली जाते. रामेन मुळात जपानी नाहीच. ते जपान्यांचं 'चायनीज' आहे.

योकोहामासारख्या बंदरांत चिनी लोक राहायला आले, त्यांच्याबरोबर गव्हाच्या शेवया आणि मांसाचा रस्सा आला. १९१० मध्ये टोकियोच्या असाकुसा भागात 'रायरायकेन' नावाचं दुकान निघालं. मालक जपानी, स्वयंपाकी योकोहामाहून आणलेले चिनी. त्या काळात पदार्थाचं नावच 'शिना सोबा' होतं, म्हणजे चिनी शेवया. रात्रपाळीचे कामगार, विद्यार्थी, उशिरा घरी जाणारे लोक रस्त्यावरच्या गाडीवरून ते घ्यायचे. गाडीवाला एक छोटी सनई वाजवत यायचा, त्या सुरावरून लोकांना कळायचं की शेवया आल्या.

आता भोसरी, चिखली, चाकणमधली 'चायनीज'ची गाडी डोळ्यांसमोर आणा. लाल अक्षरांतला बोर्ड, भट्टीचा आवाज, लोखंडी कढई, गव्हाच्या शेवया, सोया सॉस, शेजवान. कुणी म्हणेल हे खरं चायनीज नाही. अगदी बरोबर, रामेनही नव्हतं. परदेशातून आलेला पदार्थ, स्थानिक जिभेला वळवलेला, रस्त्याच्या कडेला, रात्री, कमी पैशांत, दिवसभर राबलेल्या माणसासाठी. रामेनची शंभर वर्षांपूर्वीची सगळी लक्षणं आपल्या चायनीजच्या गाडीत आहेत. या पट्ट्यातलं खरं रामेन काउंटर पुण्याच्या त्या कंदीलवाल्या दुकानात शोधू नका. ते चाकण-तळेगाव रस्त्यावर उभं आहे आणि त्याला स्टूल नाही.

जपानमध्ये पुढे काय झालं ते महत्त्वाचं. दुसऱ्या महायुद्धानंतर तांदूळ मिळेना, अमेरिकेतून गहू आला, काळ्या बाजारांतून शेवयांचे ठेले फुटले. रेशनिंगच्या त्या काळात असे ठेले बेकायदा होते, पोलीस गाडीवाल्यांना धरत. मग हळूहळू त्याच गाड्या गाळ्यांत शिरल्या. गाडीला छप्पर मिळालं, पत्ता मिळाला, पाण्याचा नळ मिळाला, आणि तिचं काउंटर झालं. २०१५ मध्ये टोकियोतल्या 'त्सुता' या नऊ स्टुलांच्या रामेनच्या दुकानाला मिशेलिनचा तारा जाहीर झाला. असा मान मिळालेलं ते जगातलं पहिलं रामेनचं दुकान. सत्तर वर्षांत काळ्या बाजारातल्या ठेल्यापासून मिशेलिनपर्यंत. या प्रवासात चव सुधारलीच, पण त्याआधी एक गोष्ट घडली: गाडीला घर मिळालं.

ज्या गाड्या गाडीच राहिल्या, त्यांचाही प्रश्न एका शहराने सोडवला. फुकुओकामध्ये संध्याकाळी रस्त्याच्या कडेला ठेले लागतात, त्यांना याताई म्हणतात. नव्वदच्या दशकात प्रशासनाचा कल असा होता की नवे परवाने द्यायचे नाहीत, म्हणजे म्हातारे मालक गेले की ठेलेही आपोआप संपतील. ठेले घटत गेले. मग शहराच्या लक्षात आलं की आपण आपलीच ओळख पुसतोय. २०१३ मध्ये तिथे ठेल्यांसाठी स्वतंत्र नियम झाला आणि पुढे अर्ज मागवून नव्या लोकांना जागा दिल्या गेल्या. ठेल्याला नियम लावला म्हणजे तो हटवलाच पाहिजे, असं नसतं. नियम जागा द्यायलाही वापरता येतो.

एक तास, एक बाऊल

जपानमधल्या रामेनवाल्यांमध्ये 'हजार येनची भिंत' अशी गोष्ट सांगतात. बाऊलची किंमत हजार येनच्या वर नेली की गिऱ्हाईक तुटतं, अशी भीती. महागाईने ही भिंत आता ठिकठिकाणी फुटतेय. तरी एक हिशेब बघा. जपानमधलं तासाचं किमान वेतन, देशाच्या सरासरीने, २०२३ मध्ये पहिल्यांदा हजार येनच्या वर गेलं. म्हणजे ढोबळमानाने एक तास राबा आणि एक बाऊल खा.

हाच हिशेब इथे लावा. महिन्याला पंधरा हजार हातात येणारा एक कंत्राटी कामगार धरा. सव्वीस दिवस, रोज आठ तास, म्हणजे तासाला बहात्तर रुपये. पुण्यातला सातशे रुपयांचा रामेन खायला त्याला जवळजवळ पावणेदहा तास मशिनवर उभं राहावं लागेल. एक अख्खी शिफ्ट आणि वर ओटी. त्याच बहात्तर रुपयांत गाडीवर हाफ नूडल्स येतात, किंवा भुर्जी-पाव येतो.

म्हणजे किमतीच्या बाबतीत गाडीने जपानी काउंटरचं गणित केव्हाच जमवलंय, कुणाच्या मदतीशिवाय. तिच्याकडे नाही ते बाकीचं. बसायला जागा, डोक्यावर छप्पर, हात धुवायला नळ, जवळ संडास, आणि उद्या संध्याकाळी आपण इथेच असू याची खात्री.

पाकीट की स्टूल

मोमोफुकू आंदो हा तैवानमध्ये जन्मलेला उद्योजक. युद्धानंतर ओसाकाच्या स्टेशनामागे शेवयांच्या ठेल्यासमोर थंडीत कुडकुडत उभ्या असलेल्या लोकांची लांब रांग त्याने बघितली आणि ती त्याच्या डोक्यातून गेली नाही. १९५८ मध्ये त्याने 'चिकिन रामेन' बाजारात आणलं, जगातलं पहिलं इन्स्टंट नूडल्स. गरम पाणी ओता, झाकून ठेवा, खा.

त्या रांगेला दोन उत्तरं होती. एक, रांगेतल्या माणसाला पाकीट देऊन घरी पाठवायचं. दुसरं, रांगेसमोर छप्पर आणि स्टुलं मांडायची. जपानने दोन्ही केलं. आपण फक्त पाकीट घेतलं.

कॉट बेसिसच्या कुठल्याही खोलीत रात्री साडेबाराला डोकावून बघा. एका खोलीत सहा जण, तिघे शिफ्टवर, दोघे झोपलेले, आणि एक जण लाईट न लावता इलेक्ट्रिक केटलीत नूडल्स शिजवतोय. मेसचा डबा संध्याकाळी सातलाच आला होता, तो गार आणि घट्ट झालाय. केटलीतले नूडल्स हे आपल्या औद्योगिक पट्ट्याचं राष्ट्रीय जेवण आहे, असं म्हटलं तर लोक हसतात. त्यात हसण्यासारखं काय आहे? एका अख्ख्या शहराने सोडवायचा प्रश्न त्या मुलाने एकट्याने, अंधारात, दहा-पंधरा रुपयांत सोडवलाय.

आपल्याला हे येत होतं

जपानची उदाहरणं दिली की लगेच "ते जपान आहे हो" असं उत्तर येतं. म्हणून घरचंच सांगतो.

मुंबईच्या गिरणगावात गिरणी कामगारांना खाणावळवाल्या बायकांनी पोसलं. गावाकडे बायकामुलं ठेवून आलेल्या हजारो पुरुषांचं जेवण या बायकांच्या चुलींवर व्हायचं. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी त्यांना एकत्र आणून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं, बँकेचं कर्ज मिळवून दिलं, सावकाराच्या तावडीतून सोडवलं. पुण्यात हमाल पंचायतीने १९७४ मध्ये 'कष्टाची भाकर' सुरू केली. ओझी वाहणाऱ्या माणसाला परवडेल असं ताजं जेवण, हमालांच्याच संघटनेने चालवलेलं.

सरकारनेही प्रयत्न केले. १९९५ मध्ये युती सरकारने एक रुपयात झुणका-भाकर आणली. पुढे अनुदान आटलं आणि मोक्याच्या जागांवरच्या त्या टपऱ्यांमध्ये भलतेच धंदे उभे राहिले. २६ जानेवारी २०२० ला शिवभोजन थाळी आली, दहा रुपयांत. योजना चांगली होती, कठीण दिवसांत तिने अनेकांना जगवलं. पण सुरुवातीला तिची वेळ काय ठरली होती? दुपारी १२ ते २. फर्स्ट शिफ्टचा माणूस त्या वेळी मशिनवर असतो, सेकंडचा कंपनीच्या बसच्या घाईत, आणि नाईटवाला झोपलेला. हे वेळापत्रक आखताना शिफ्टमध्ये काम करणारा माणूस कुणाच्या डोळ्यांसमोर नव्हता.

यातून मी एवढंच घेतो. जे कष्टकऱ्यांनी स्वतः चालवलं ते मूळ धरून राहिलं. जे वरून वाटलं गेलं ते अनुदान असेपर्यंत टिकलं. म्हणून दहा रुपयांची थाळी मला मागायची नाही. बहात्तर रुपये द्यायला तो मुलगा तयार आहे. ते देऊन बसायचं कुठे, हे सांगा.

"कँटीन असतं ना कंपनीत?"

असतं, काहींना. १९४८ च्या कारखाना कायद्याने अडीचशेहून जास्त कामगार असलेल्या कारखान्यांना कँटीनचं बंधन घालता येत होतं. नव्या श्रमसंहितेत हा आकडा शंभरावर आलाय आणि त्यात कंत्राटी कामगारही मोजायचे आहेत. हे चांगलंच झालं. पण भोसरीत, तळवड्यात गाळ्यागाळ्यांतून चालणारी वर्कशॉपं बघा. दोन लेथ, एक व्हीएमसी, बारा माणसं. एवढ्या मोठमोठ्या कंपन्यांना नट, बुश, ब्रॅकेट पुरवणारी ही माणसं कुठल्याच आकड्यात बसत नाहीत. गेटवरचा वॉचमन, माल उतरवायची वाट बघत दोन दिवस थांबलेला ड्रायव्हर, डिलिव्हरीवाला, हेसुद्धा नाहीत.

आणि ज्यांना कँटीन आहे, त्यांचंही जेवण कंपनीच्या वेळेत, कंपनीच्या गेटच्या आत. भोंगा वाजला की सुरू, भोंगा वाजला की बंद. पंच करून बाहेर पडल्यावर तो कुणाचा ट्रेनी नसतो, कुणाचा हेल्पर नसतो, खिशात स्वतःचे पैसे असलेलं गिऱ्हाईक असतो. त्या वेळी त्याला जेवायला जागा लागते, ती कँटीन देऊ शकत नाही.

एक आक्षेप मात्र मला गंभीर वाटतो, आणि तो माझ्याच बाजूच्या लोकांकडून येतो. स्वस्त जेवण मालकाच्या फायद्याचं असतं. जपानच्या भरभराटीच्या काळात लोक राक्षसी तास राबले, आणि स्वस्त, झटपट, भरपूर ताकद देणाऱ्या रामेनने त्या राबण्याला इंधन पुरवलं. खरं आहे. पोट स्वस्तात भरलं की पगार वाढवायची निकड कमी होते, हेही खरं. पण मग उपाय काय, स्टूल नको म्हणायचं? उपाशी राहून ओटी कमी झाल्याचं या पट्ट्यात कुणी पाहिलेलं नाही. पगाराची लढाई लढायचीच आहे. ती लढणाऱ्यालाही रात्री जेवावं लागतं.

पाच वेळा 'का?'

राहता राहिला वाहतुकीचा मुद्दा. पुणे-नाशिक महामार्ग, आंबेठाण चौक, तळेगाव चौक इथली कोंडी ज्याने भोगलीय त्याला गाड्यांबद्दल प्रेम वाटणं अवघड आहे. कोंडीची बातमी आली की पहिली कारवाई गाड्यांवर होते, कारण उचलायला त्याच सगळ्यात सोप्या. भट्टी जप्त, कढई जप्त, स्टुलं ट्रॅक्टरमध्ये. कंटेनर तिथेच.

कारखान्यात शिकवलेलीच पद्धत इथे वापरू. टोयोटाने जगाला दिलेली, पाच वेळा 'का' विचारायची.

गाडी रस्त्यावर का आहे? कारण गिऱ्हाईक रस्त्यावर आहे. गिऱ्हाईक रस्त्यावर का आहे? कारण शिफ्ट सुटल्यावर कंपनीची बस त्याला चौकात सोडते. तो चौकातच का खातो? कारण खोलीवर चूल नाही आणि मेस बंद झालीय. चौकात बसायला दुसरी जागा का नाही? कारण आराखड्यात कारखान्याचा प्लॉट होता, रस्ता होता, सबस्टेशन होतं, आणि माणूस जेवतो हे नव्हतं. का नव्हतं? कारण आराखडा करताना तिथे माल येणार-जाणार हे गृहीत धरलं, माणसं येणार-राहणार हे धरलं नाही.

पाचव्या 'का'पाशी गाडीवाला कुठेच दिसत नाही. मूळ कारण शोधायचं सोडून समोर दिसेल त्यावर दंड मारायचा, याला कारखान्यात कुणी काईझेन म्हणणार नाही.

कायदाही गाडीवाल्याच्या विरोधात नाही. २०१४ चा पथविक्रेता कायदा सांगतो की आधी विक्रेत्यांचं सर्वेक्षण करा, प्रमाणपत्रं द्या, आणि ते होईपर्यंत कुणाला हटवू नका. नगर पथविक्रेता समितीत किमान चाळीस टक्के सदस्य विक्रेतेच हवेत आणि त्यांत एकतृतीयांश महिला. या कायद्यातल्या 'स्थानिक प्राधिकरण' या व्याख्येत जमिनीच्या वापराचं नियमन करणारं नियोजन प्राधिकरणही येतं. एमआयडीसी आपल्या क्षेत्रात नियोजन प्राधिकरण आहे. १९६२ मध्ये स्थापन झालेल्या या महामंडळाने माळरानावर पाणी, वीज, रस्ते नेले. पन्नास गाड्यांना नळ आणि गटार देणं त्याला जमत नाही, हे मला पटवून द्या.

स्वच्छतेचंही तेच. रस्त्यावरचं खाणं घाण असतं, असं म्हणणाऱ्याने आधी सांगावं की त्या गाडीवाल्याने पाणी कुठून भरायचं. ज्याला नळ दिलेला नाही त्याला हात का धुतले नाहीत म्हणून विचारणं हा अन्याय आहे. नळ द्या, मग बिनधास्त तपासणी करा, आणि तपासणीत नापास झाला तर परवाना काढून घ्या.

परीक्षा रात्री बाराची

काउंटर चांगलं की वाईट हे कसं ओळखायचं? माझ्याकडे एकच कसोटी आहे. रात्री बारा वाजता एकटी मुलगी तिथे बसून जेवू शकते का?

वायरिंग हार्नेसच्या, इलेक्ट्रॉनिक्सच्या लाईनवर या पट्ट्यात खूप मुली काम करतात. नव्या संहितेने संमतीने आणि सुरक्षेच्या अटींवर महिलांना रात्रपाळीची दारं उघडलीत. काम उघडलं, जेवणाचं काय? आजच्या गाडीवर ती थांबत नाही. अंधार असतो, दुचाक्यांवर टेकलेले घोळके असतात, आणि उभ्याने खाताना चारी बाजूंनी नजरा. ती पार्सल घेते, किंवा तेही घेत नाही. उजेड, समोर भिंत किंवा स्वयंपाकी, शेजारी ठरावीक अंतरावर स्टूल, आणि हाकेच्या अंतरावर स्वच्छ संडास, एवढ्याने सगळं बदलेल असं नाही. पण एवढंसुद्धा नसताना तिने 'सक्षम' व्हावं ही अपेक्षा निर्लज्ज आहे.

फळीचा आणखी एक गुण आहे, तो आपल्याकडे जपानपेक्षा जास्त कामाचा. खोली भाड्याने घेताना इथे आडनाव विचारतात. मग गाव, मग 'नॉनव्हेज खाता का?' परप्रांतातला असेल तर आधार कार्डाच्या चार झेरॉक्स. फळीवर हे काही विचारलं जात नाही. समस्तीपूरचा वेल्डर आणि अहमदपूरचा सीएनसी ऑपरेटर यांची कोपरं एकमेकांना लागतात, आणि मिरचीचा डबा एकच असतो. याने जात मोडते असा माझा भाबडा समज नाही. पण ज्या महाराष्ट्रात १९२७ मध्ये महाडला तळ्यातलं पाणी पिण्यासाठी सत्याग्रह करावा लागला आणि १९७२ मध्येही 'एक गाव, एक पाणवठा' अशी चळवळ उभारावी लागली, तिथे एकाच फळीवर जेवणं ही किरकोळ गोष्ट नव्हे.

मग मागायचं काय?

मागणी एवढी छोटी आहे की ती नाकारायला कारण सापडू नये. एमआयडीसीच्या प्रत्येक टप्प्यात, कंपनीच्या बसेस जिथे माणसं उतरवतात तिथे, दहा बाय पंधरा फुटांचे गाळे. प्रत्येकात आठ-दहा स्टुलं, नळ, गटार, दिवा, पंखा. दर काही गाळ्यांमागे एक संडास, बायकांचा वेगळा. वेळ शिफ्टप्रमाणे, म्हणजे चोवीस तास. परवाना जो शिजवतो त्याच्याच नावावर, पोटभाड्याने देता येणार नाही अशा अटीवर, आणि पहिला हक्क आज रस्त्यावर उभ्या असलेल्या गाडीवाल्यांचा. पाटीवर एक तरी पोटभर पदार्थ असा हवा, ज्याची किंमत तासाभराच्या किमान वेतनात बसेल. तो पिठलं-भाकरी असो, मिसळ असो, अंडाकरी-भात असो, नाहीतर शेजवान नूडल्स. त्यात सरकारने नाक खुपसू नये.

वाकड, रावेत, मोशीच्या टॉवरांमध्ये राहणाऱ्या आणि फोनवर हे वाचणाऱ्या तुम्हालाही एक सांगायचंय. सोसायटीच्या ग्रुपवर 'गेटसमोरच्या गाड्या हटवा' असा मेसेज येईल, तेव्हा अंगठा दाखवण्याआधी थोडं थांबा. गेल्याच आठवड्यात ज्या बाऊलचा फोटो तुम्ही टाकलात, तो कधीकाळी अशाच गाडीवर विकला जायचा, आणि ती गाडी हटवा म्हणणारे लोक तेव्हाही होते. गाड्यांना जागा द्या, असं त्या ग्रुपवर लिहा. दोन जण चिडतील, चिडू द्या.

आणि कारखान्यांच्या व्यवस्थापकांनो, तुमच्या काईझेनच्या फळ्यावर रकाने तयारच आहेत. समस्या: सेकंड शिफ्ट सुटल्यावर कामगाराला बसून जेवायला जागा नाही. मूळ कारण: आराखड्यात सोडलेली नाही. उपाय: वर दिलाय. 'आधी'चा फोटो काढायला रात्री बारा वाजता गेटबाहेर या. जबाबदार व्यक्ती आणि पूर्ण करायची तारीख हे दोन रकाने तेवढे तुम्ही भरा.